वाटीचं वजन

खारघरमध्ये भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्या पोरापोरींना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आई फोनवर रव्याचे लाडू सांगते: दोन वाट्या रवा, सव्वा वाटी साखर, पाऊण वाटी तूप. इकडे ॲपवरून आलेला रवा अर्ध्या किलोच्या पाकिटात, तूप 500 मिलिलिटरच्या बरणीत, आणि यूट्यूबवरची बाई बोलते ग्रॅममध्ये. मग फोनवरच शोधायचं, एक वाटी रवा म्हणजे किती ग्रॅम? उत्तरं येतात चार आणि चारही वेगळी. आईला विचारलं तर ती म्हणते, "अगं, आपली नेहमीची वाटी!"

आईचं हे उत्तर वाटतं तितकं भाबडं नाही. माप आणि वजन ही दोन वेगळी जगं आहेत. आपल्याकडे बाजार जवळपास पूर्ण वजनाच्या जगात गेला, स्वयंपाकघर मापाच्या जगात राहिलं. हे असं का झालं, याचा इतिहास पाटणच्या शिलालेखापासून कोकणातल्या खळ्यापर्यंत आणि तिथून रेशनच्या दुकानापर्यंत जातो. 'माप कुणाच्या हातात?' हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो.

एका वाटीत किती मावतं?

आधी साधा हिशेब करू. 200 मिलिलिटरची वाटी घ्या. त्यात पाणी भरलं तर 200 ग्रॅम. तूप भरलं तर सुमारे 180. साखर किंवा तांदूळ साधारण 170. रवा 140 च्या आसपास. कणीक किंवा मैदा 105-110. बारीक मीठ मात्र 240 पर्यंत जातं. पोहे या सगळ्यांपेक्षा कितीतरी हलके. वाटी तीच, पण वजन दुपटीहून जास्त फरकानं बदलतं, कारण दाण्यांच्या मधली हवाही वाटीत बसलेली असते. दाणा केवढा, गोल की चपटा, कोरडा की दमट, यावर ती हवा ठरते.

त्यात भरण्याची पद्धत वेगळी. चाळलेली कणीक चमच्यानं अलगद भरली तर वाटी हलकी भरते. तीच वाटी डब्यात खुपसून, वर आपटून भरली तर पाचव्या हिश्शानं किंवा त्याहूनही जड होऊ शकते. म्हणून 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम' याला एक उत्तर नाही. प्रत्येक जिनसाचं उत्तर वेगळं, आणि भरणाऱ्या हाताचंही.

अमेरिकेत हाच घोळ होता. तिथल्या पाककृती कपानं सांगितल्या जायच्या, पण कप सपाट की शीग लावून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. 1896 मध्ये फॅनी फार्मर यांचं बॉस्टनच्या पाकशाळेचं पुस्तक आलं आणि त्यांनी आग्रह धरला की कप आणि चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करूनच मोजायचा. आजही अमेरिकेतली घरं कपानं मोजतात आणि युरोपातली बहुतेक घरं काट्यानं. जपाननं तर मेट्रिक पद्धत स्वीकारूनही तांदळाचं जुनं माप 'गो' सोडलं नाही. ते सुमारे 180 मिलिलिटरचं असतं. तुमच्या इलेक्ट्रिक राइस कुकरसोबत आलेला तो छोटा प्लास्टिकचा कप, जो इतर कुठल्याच कपाशी जुळत नाही, तो बहुधा हाच 'गो' आहे.

आपल्याकडचा 'गो' कोणता? एक नाही, अख्खी उतरंडच होती. 2 निळव्यांचं एक कोळवं, 2 कोळव्यांचं एक चिपटं, 2 चिपट्यांचं एक मापटं, 2 मापट्यांचा एक शेर, 4 शेरांची एक पायली. पायलीच्या वर मण आणि 20 मणांची खंडी. पायलीपर्यंतची सगळी माणसाच्या हातात मावणारी भांडी. आणि बघा, शेरापर्यंत प्रत्येक पायरीला दुप्पट. एका पायलीत 64 निळवी. ज्याच्याकडे तराजू नाही, वजनं नाहीत, त्यालाही एका भांड्याचे दोन सारखे वाटे करता येतात. ही पद्धत अडाणी नव्हती, बिनतराजूच्या जगासाठी अगदी चपखल होती.

अडचण एकच होती. भांडं बनवणारा आणि भरणारा कोण?

मठाचं माप

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. 1207 च्या सुमाराचा तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा व्यवहारी तपशील आला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. बाजारात कुणी कुणाला काय द्यायचं, हे लोकांना कळायला हवं ना!

त्या मराठी ओळींतला मजकूर आपल्या विषयाच्या थेट कामाचा आहे. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळीभर तेल. आणि या गावात जे काही मोजलं जाईल ते मठाच्या मापानं मोजावं, मोजणीच्या मोबदल्यातलं अर्धं मठाला, अर्धं मोजणाऱ्याला.

आठशे वर्षांपूर्वीच्या मराठीतला हा मजकूर आणि त्यात पळी आहे, माप आहे, मापारी आहे. पळी आजही तुमच्या आमटीच्या पातेल्यात आहे. मापारीही गेला नाही. खारघरहून थोड्याच अंतरावर वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत जा, तिथे माथाडींबरोबर 'मापाडी' आणि 'तोलणार' हे कामगार भेटतील. 1969 च्या माथाडी कायद्यानं अशा कष्टकऱ्यांना संरक्षण मिळालं. मोजणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला स्वतंत्र मजुरी आहे आणि ते करणारा माणूस घेणाऱ्याचा नाही की देणाऱ्याचा नाही, ही कल्पना तेवढी जुनी आहे.

पण शिलालेखातली खरी गोम 'मठाच्या मापानं' या शब्दांत आहे. ज्याचं माप, त्याची सत्ता. गावात दहा घरांत दहा पायल्या असतील, पण व्यवहार एकाच पायलीनं होणार आणि ती कुणाची हे राजा ठरवणार.

शीग

'उत्सुकता शिगेला पोहोचली' हे वाक्य आपण क्रिकेटच्या बातमीत वाचतो. शीग म्हणजे काय? धान्याचं माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. माप दोन प्रकारे भरता येतं. काठावर हात किंवा काठी फिरवून सपाट, किंवा शिगोशीग. भांडं तेच, 'एक पायली' हा शब्दही तोच, पण धान्य वेगळं.

किती वेगळं? याचा हिशेब करायला भास्कराचार्यांकडेच जाऊ. 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'ची सुरुवात नाणी, वजनं, लांबी आणि धान्यमापं यांच्या कोष्टकांनी होते. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशा घनात मावेल ती खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, त्याचा चौथा आढक, त्याचा चौथा प्रस्थ, त्याचा चौथा कुडव. हात 45 सेंटिमीटरचा धरला तर खारी सुमारे 91 लिटरची होते आणि कुडव 90 मिलिलिटरचा. म्हणजे आपल्या 200 च्या वाटीच्या निम्म्याहूनही थोडा कमी. आणि हाच कुडव शब्द गोव्यात मोठ्या मापासाठी रुजला, तिथे 20 कुडवांची खंडी. नाव प्रवास करतं, माप जागेवर राहत नाही.

याच ग्रंथात जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचं गणितही आहे. रास न मोजता तिच्या घेरावरून धान्य किती हे काढायचं. त्यासाठी उंची हवी, आणि भास्कराचार्य सांगतात की ती धान्यागणिक बदलते. जाड दाण्याची रास घेराच्या दहाव्या भागाइतकी उंच, बारीक दाण्याची अकराव्या भागाइतकी, आणि भातासारख्या कूस असलेल्या धान्याची नवव्या भागाइतकी. मोहरी घसरून पसरते, कुसांमुळे भात एकमेकाला धरून उभा राहतो. खळ्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचेल? मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीनं गुणलं की राशीचं घनफळ मिळतं.

आता हेच गणित शिगेला लावू. समजा, माप गोल आहे आणि जेवढं रुंद तेवढंच उंच. त्यावर भाताची शीग उभी केली. भास्कराचार्यांच्या राशीच्या रीतीनं, म्हणजे परीघ व्यासाच्या तिप्पट धरून, हिशेब केला तर शिगेतलं धान्य मापातल्या धान्याच्या बरोबर नवव्या हिश्शाइतकं भरतं. म्हणजे शिगेनं मोजलेली 9 मापं सपाट 10 मापांइतकी. आणि माप पसरट असेल, उंची रुंदीच्या निम्मी असेल, तर शीग दोन नवमांश होते, 22 टक्क्यांहून थोडी जास्त. भांडं रुंद करा, त्यात धान्य तेवढंच मावू द्या, आणि घेताना शीग लावा. 'एक पायली' या शब्दाला धक्का न लावता बरंच काही साधतं. देताना सपाट आणि घेताना शिगोशीग ही युक्ती जगात कुठेही कुणाला शिकवावी लागली नाही.

युरोपात तर हा वर्गसंघर्षाचा विषय झाला. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकारानं मापांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात सपाट माप आणि शिगेचं माप यांवरून सरदार आणि कुळं यांच्यात शतकानुशतकं झालेल्या भांडणांची हकिकत आहे. फ्रान्समध्ये 1789 साली गावोगावहून राजाकडे गाऱ्हाण्यांच्या वह्या गेल्या. जमीनदाराचं माप मोठं होत चाललंय, सगळीकडे एकच माप करा, ही मागणी त्यांत वारंवार येते. क्रांतीनंतर 1795 साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला. किलोग्रॅम प्रयोगशाळेत जन्मला खरा, पण त्याची मागणी खळ्यावरून आली होती.

कोकणातली स्थितीही याच जातीची होती. आज खारघर जिथे उभं आहे, तिथे बेलपाडा, मुर्बी, कोपरा या गावांची भातशेती होती. सिडकोची स्थापना 1970 ची, सेक्टर त्यानंतरचे. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड, हा भाताचा मुलूख आणि त्याच्या बऱ्याच भागांत खोती. कुळानं खोताला द्यायचा वाटा धान्यात. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरी इथून नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी संप केला, खोतांच्या जमिनी कसायच्या थांबवल्या आणि तो सहाएक वर्षं चालवला. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष खोती गेली ती 1949 च्या कायद्यानं. या लढ्यांचा प्रश्न मापापेक्षा कितीतरी मोठा होता: जमीन कुणाची आणि पिकावर हक्क कुणाचा. पण धान्यातला वाटा शेवटी माप भरूनच द्यावा लागे, आणि ते भरणारा हात कुळाचा नसला की काय होऊ शकतं, ते वरच्या हिशेबात दिसतंच.

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. ही रास आपल्याला लाभो, असा त्यातला भाव. वर्षभराची मेहनत त्या पंधरावीस मापांत भरली जात असताना माणूस आकड्याच्या जागी आशीर्वाद ठेवतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

खंडी एक, खंड्या अनेक

मग वजन जास्त प्रामाणिक होतं का? तराजूला शीग नसते हे खरं. पण वजनांचीही गत फार वेगळी नव्हती. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण 28 पौंडांचा होता, म्हणजे साधारण 12.7 किलो. मद्रासचा 25 पौंडांचा. बंगालचा 82 पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे 37.3 किलो. मुंबईच्या 20 मणांची खंडी 560 पौंडांची, 254 किलो. कापसाची खंडी मात्र 784 पौंडांची. आणि हा जुना इतिहास समजू नका, आजही रुईचे भाव खंडीनं निघतात आणि ती खंडी सुमारे 356 किलोची असते. शेर कच्चा वेगळा, पक्का वेगळा. त्यातही तोलायचा शेर एक आणि मापायचा शेर दुसरा. एकाच नावाच्या या दोन शेरांत जिन्नस बदलला की नातं बदलायचं. आजच्या वाटी-ग्रॅमचा घोळ त्या काळात दुकानोदुकानी रोज होत असणार.

स्वतंत्र भारतानं हे निस्तरायला घेतलं. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. 1956 साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानं बाजारात आला आणि 1962 पर्यंत देशभर सक्तीचा झाला. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933.1 ग्रॅम, 40 शेरांचा मण म्हणजे 37.324 किलो, असं रूपांतर ठरलं. ज्या देशात बहुसंख्य लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, तिथे सगळ्या दुकानांतली वजनं चारेक वर्षांत बदलली, हे काम लहान नव्हतं.

त्यात एक शिक्षणही बुडालं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पोरं घोकायची, कारण 16 आण्यांचा रुपया आणि 16 छटाकांचा शेर यांत सगळा व्यवहार पाव-अर्ध्या-पाऊणचा होता. दशमान आलं आणि पाढे शाळेतून गेले. जिभेवर मात्र राहिले. आजही खारघरच्या भाजीबाजारात 'पावशेर मिरची द्या' म्हटलं की 250 ग्रॅम मिळते. खरा पावशेर 233 ग्रॅमचा. म्हणजे त्या मागणीतही 17 ग्रॅमची शीग आहे, फक्त या वेळी ती गिऱ्हाइकाच्या बाजूची.

कोठीची किल्ली

बाजार असा किलोवर गेला. घर का नाही गेलं?

कारण घराचा प्रश्नच वेगळा. बाजारात देणारा आणि घेणारा यांचं हित उलट असतं, म्हणून दोघांच्याही हातात नसलेलं, तिऱ्हाईत प्रमाण लागतं. स्वयंपाकाला लागतं ते प्रमाणाचं नातं. तांदळाच्या दुप्पट पाणी, रव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त साखर. वाटी 150 ची असो की 250 ची, सगळे जिन्नस त्याच वाटीनं घेतले की नातं टिकतं. आई 'आपली नेहमीची वाटी' म्हणते ती याच अर्थानं.

पण म्हणून घरातलं माप निरागस होतं असं नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात धान्य कोठीच्या खोलीत, किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला, आणि रोजचे तांदूळ-डाळ ती मोजून काढून देणार. किती माणसं जेवणार, पाहुण्याला किती, गड्याला किती, हे त्या मापात ठरायचं. नवी नवरी उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून घरात येते, त्याला आपण माप ओलांडणं म्हणतो. ओलांडलेलं माप हातात यायला मात्र तिला कित्येक वर्षं लागायची. तोवर तिनं शिकायचं ते बघून आणि 'अंदाजानं'. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. शिकवणारीनं शिकवलं तर.

छापील पाकपुस्तकांनी इथे फट पाडली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अर्थात एक हजार पाकक्रिया' 1910 चं. त्या काळच्या पुस्तकांची भाषा शेर, पावशेर, तोळ्यांची. आज ती पुस्तकं उघडून पदार्थ करायचा तर आधी रूपांतर करत बसावं लागतं. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. शेर जाऊन किलो आलेला, जुनी पुस्तकं परकी झालेली, शिकलेल्या मुली लग्न करून किंवा नोकरीसाठी सासू-आईपासून लांब दुसऱ्या शहरात निघालेल्या. अशा वेळी कमलाबाईंनी पाककृती वाटी आणि चमच्याच्या मापात सांगितल्या. तराजू प्रत्येक घरात नव्हता, वाटी होती. पुस्तक घराघरांत गेलं, परदेशी जाणाऱ्या बॅगांतही गेलं. सिडको आणि 'रुचिरा' एकाच वर्षीची हा योगायोगच, पण नवी मुंबईच्या नव्या फ्लॅटांत संसार मांडणाऱ्या पहिल्या पिढीच्या ओट्यावर हे पुस्तक किती ठिकाणी असेल, ते तुमच्या आजीला विचारा.

वाटीचं माप लिहून छापलं गेल्यानं, ज्ञान देणं-न देणं हे कुणा एकीच्या मर्जीवर राहिलं नाही. कोठीची किल्ली पुस्तकाच्या रूपानं शंभर घरांत वाटली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

पाच किलोच्या किती वाट्या?

रूपांतराचा प्रश्न आता फक्त लाडवांपुरता आहे असं वाटत असेल, तर तीन हिशेब बघा.

पहिला रेशनचा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. कायदा किलोत बोलतो, चूल वाटीत. 200 च्या वाटीत 170 ग्रॅम तांदूळ, तर 5 किलोच्या साधारण 29 वाट्या. महिना 30 दिवसांचा. म्हणजे माणशी दिवसाला एक वाटी, तीही पुरती नाही. 5 किलो हा आकडा ऐकताना जे समोर येत नाही, ते वाटीत मांडल्यावर ताटात दिसतं.

दुसरा शाळेतल्या पोषण आहाराचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला 150 आणि 30. कागद ग्रॅमचा. सकाळी मोठं पातेलं चढवणाऱ्या ताईंना आज आलेल्या मुलांच्या संख्येला हा आकडा गुणून डब्यानं तांदूळ काढायचे असतात. तो डबा एकदा नीट तोललेला असेल तर मुलाच्या ताटात ठरलेलं पडतं. नसेल तर 10 टक्क्यांची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि 40 मुलांत 10 टक्के म्हणजे चार मुलांचं जेवण.

तिसरा हिशेब तुमच्या ओट्यावरच्या तेलाच्या पिशवीचा. तिच्यावर मिलिलिटर असतात, ग्रॅमही असतात. तेल तापलं की फुगतं, म्हणून तेवढ्याच आकारमानात वजन कमी बसतं. 1 लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 893 च्या आसपास. म्हणजे पिशवीवर जास्त तापमान लिहिलं की लिटर तोच राहून 26 ग्रॅम तेल कमी भरता येतं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं खाद्यतेल कंपन्यांना सांगितलं की आकारमानाबरोबर तापमान लिहू नका आणि वजन बरोबर द्या. शीग आणि सपाट हा खळ्यावरचा जुना खेळच, फक्त आता थर्मामीटर लावून.

या तिन्ही ठिकाणी देणारा एक आणि खाणारा दुसरा आहे, म्हणून तिथे तराजूच हवा. आपल्या घरात शिजवणारे आणि खाणारे आपणच, म्हणून तिथे वाटी पुरते. गडबड होते ती दोन्ही एकत्र आले की. 'अर्धा किलो रवा आणि दीड वाटी साखर' अशी पाककृती दिसली तर सावध व्हा, कारण आता लिहिणारीची वाटी केवढी होती हे कळल्याशिवाय सुटका नाही. केक आणि पाव यांनाही काटाच बरा, कारण तिथे कणकेतली हवा पदार्थ बिघडवते.

बाकीसाठी एक सोपा उपाय. घरातली एक वाटी कायमची ठरवा. किराणा दुकानातल्या काट्यावर किंवा मैत्रिणीच्या डिजिटल काट्यावर एकदाच ती पाण्यानं, तांदळानं, रव्यानं, साखरेनं, कणकेनं सपाट भरून तोला आणि आकडे डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईच्या वाटीत पाणी भरून तेही मोजून आणा. तिच्या पाककृतीतलं, कुठल्याच पुस्तकात न छापलेलं प्रमाण त्या एका आकड्यात आहे.